फुप्फुसात पसरलेल्या कर्करोगाचे अब्लेशन : दीर्घकालीन निकाल कसे वाचावेत आणि पुढची वर्षे कशी आखावीत

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन दोन-अडीच वर्षे झालेली असतात, केमोथेरपी संपलेली असते, घरातली माणसे जरा सैलावलेली असतात, आणि नेहमीच्या तपासणीच्या सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसात १२ मिलिमीटरची एक व डाव्यात ८ मिलिमीटरची दुसरी अशा दोन गाठी दिसतात. ऑन्कोलॉजिस्ट जे पर्याय सांगतात त्यांपैकी एक असा असतो की, छाती न उघडता, सीटी स्कॅनच्या चित्रावर नजर ठेवत बारीक सुई थेट गाठीत न्यायची आणि गाठ जागच्या जागी जाळून किंवा गोठवून मारायची. या उपचाराला अब्लेशन म्हणतात. ज्यांनी हा शब्द नुकताच ऐकला आहे अशा रुग्णांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे. त्यांचा पहिला प्रश्न साहजिकच ‘याने किती वर्षे मिळतील?’ हा असतो.

या एका प्रश्नात खरे म्हणजे दोन प्रश्न दडलेले आहेत. सुई घातली ती गाठ कायमची मेली का, हा पहिला. आणि शरीरातला आजार थांबला का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुतेक वेळा समाधानकारक असते, दुसऱ्याचे तितके नसते, आणि दोन्ही उत्तरे एकाच टक्केवारीत कोंबली की घरच्यांची फसगत होते. पुढच्या सगळ्या पायऱ्या हा भेद लक्षात ठेवून वाचाव्यात. उपचाराचा निर्णय मात्र रुग्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांबरोबरच घ्यायचा आहे. लेखाचा उपयोग त्यांच्यासमोर बसताना व्हावा, एवढाच हेतू आहे.

पहिली पायरी : नेमके काय करतात ते समजून घ्या

अब्लेशन करणारे डॉक्टर सहसा सर्जन नसतात. ते इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट असतात, म्हणजे स्कॅनच्या आधाराने शरीरात सुया व नळ्या नेऊन उपचार करणारे तज्ज्ञ. फुप्फुसासाठी तीन पद्धती प्रचलित आहेत. रेडिओफ्रीक्वेन्सीत सुईच्या टोकाभोवती विद्युतप्रवाहाने उष्णता निर्माण होते आणि ऊतीचे तापमान ६० ते १०० अंश सेल्सियसच्या दरम्यान नेले की पेशी मरतात. मायक्रोवेव्हचेही काम उष्णतेनेच चालते, पण ती अधिक वेगाने तापवते आणि हवेने भरलेल्या फुप्फुसाचा अडथळा तिला कमी जाणवतो. क्रायोअब्लेशनमध्ये सुईत आर्गॉन वायू सोडून टोकाशी बर्फाचा गोळा तयार करतात. फुप्फुसात गोठवणे आणि वितळवणे बहुधा तीन वेळा करतात, कारण पहिल्या फेरीत हवेमुळे बर्फ नीट पसरत नाही आणि वितळल्यानंतर तिथे साचलेल्या द्रवामुळे पुढच्या फेरीत गोळा मोठा होतो.

माणसाच्या फुप्फुसातील गाठीवर रेडिओफ्रीक्वेन्सी वापरल्याचा पहिला वैद्यकीय अहवाल २००० साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला, आणि त्यात अवघे तीन रुग्ण होते. म्हणजे ही विद्या जेमतेम पाव शतकाची आहे, आणि ‘दीर्घकालीन’ या शब्दाला तिच्या बाबतीत बहुतेक ठिकाणी पाच वर्षांची मर्यादा पडते ती यामुळे. शस्त्रक्रियेचे पंधरा वर्षांचे आकडे मिळतात. अब्लेशनचे तितक्या लांबचे आकडे मागणे सध्या तरी व्यर्थ आहे.

दुसरी पायरी : आपला रुग्ण या उपचाराच्या चौकटीत बसतो का ते पाहा

गाठीचा आकार हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे. साधारण ३ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींवर अब्लेशन करतात, आणि २ सेंटिमीटरपेक्षा लहान गाठींत निकाल स्पष्टपणे चांगले लागतात. कारण सोपे आहे : गाठीच्या कडेपलीकडे निरोगी दिसणाऱ्या फुप्फुसाचा किमान ५ मिलिमीटर आणि जमल्यास १० मिलिमीटर पट्टाही मारावा लागतो, कारण स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी तिथे लपलेल्या असू शकतात. गाठ जितकी मोठी तितका हा पट्टा सगळ्या बाजूंनी सारखा मिळणे कठीण. जागेचाही प्रश्न असतो. गाठीला लागून ३ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद रक्तवाहिनी असेल, तर वाहते रक्त उष्णता पळवून नेते आणि त्या बाजूच्या पेशी जगण्याची शक्यता वाढते. उकळत्या भांड्याला एका बाजूने गार पाण्याची धार लागली तर जे होईल तेच इथे होते. हृदय, मोठ्या श्वासनलिका किंवा अन्ननलिकेला खेटलेल्या गाठी बहुधा दुसऱ्या उपचाराकडे पाठवल्या जातात.

संख्येबाबत केंद्रागणिक मत बदलते, परंतु तीनपर्यंत, फार तर पाच गाठी, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. मूळ कर्करोग आटोक्यात असणे, इतर अवयवांत पसरलेला आजार नसणे किंवा त्यावरही उपचार होण्याजोगा असणे, या अटी त्यासोबत येतात. थोड्याच ठिकाणी पसरलेल्या या मधल्या अवस्थेला ‘ऑलिगोमेटास्टॅसिस’ म्हणतात. सॅम्युएल हेलमन आणि राल्फ वाइक्सेलबॉम या अमेरिकी रेडिएशन तज्ज्ञांनी १९९५ साली ही कल्पना मांडली. त्याआधी पसरलेला कर्करोग म्हणजे सर्वत्र पोचलेला कर्करोग, अशीच सर्वसाधारण समजूत होती.

आपल्याकडे या पायरीवर एक खास काळजी घ्यावी लागते आणि युरोप-अमेरिकेतील माहितीपत्रकांत ती सहसा ठळकपणे आढळत नाही. भारतात क्षयरोग इतका पसरलेला आहे की, फुप्फुसातला लहानसा गोल ठिपका क्षयाच्या जुन्या किंवा चालू संसर्गाचाही असू शकतो, आणि पेट स्कॅनमध्ये, म्हणजे शरीरात टोचलेली किरणोत्सारी साखर जास्त खेचणाऱ्या जागा उजळून दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये, क्षयाची गाठही कर्करोगासारखीच चमकू शकते. त्यामुळे शक्य असेल तिथे बायोप्सी घेऊन गाठ कर्करोगाचीच आहे याची खात्री करावी; ठिपका फारच लहान असेल तर दोन-तीन महिने थांबून पुन्हा सीटी करणे हाही योग्य सल्ला असू शकतो. घरच्यांना ही दिरंगाई वाटते. माझ्या मते, वाढीचा वेग समजण्यासाठी घेतलेला तो वेळ वाया जात नाही, कारण त्या काळात आणखी दहा गाठी उगवल्या तर एका गाठीवर सुई चालवून काहीच साधले नसते हे निदान आधी कळते.

निर्णय एका डॉक्टराच्या खोलीत होण्यापेक्षा ट्यूमर बोर्डापुढे, म्हणजे सर्जन, मेडिकल ऑन्कोलॉजिस्ट, रेडिएशन तज्ज्ञ आणि इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट यांच्या एकत्रित बैठकीत व्हावा असा आग्रह धरावा. आपल्या रुग्णालयात अशी बैठक नसेल, तर सगळे स्कॅन घेऊन दुसऱ्या केंद्राचे मत घेण्यात संकोच करू नये.

तिसरी पायरी : चार वर्षांचे चार आकडे शेजारी ठेवा

या विषयातला सर्वांत उपयोगी अभ्यास फ्रान्समधला आहे. थिएरी द बाएर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली ५६६ रुग्णांच्या १,०३७ फुप्फुसगाठींवर केलेल्या रेडिओफ्रीक्वेन्सी अब्लेशनचे निकाल प्रसिद्ध केले. रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचा मूळ कर्करोग मोठ्या आतड्याचा किंवा गुदाशयाचा होता. मूत्रपिंडाचे आणि सार्कोमाचे (स्नायू-चरबीसारख्या ऊतींच्या कर्करोगाचे) रुग्णही त्यात होते. निम्म्याहून थोड्या अधिक रुग्णांना एकच गाठ होती.

या अभ्यासातून चौथ्या वर्षअखेरचे चार आकडे काढून एका कागदावर लिहावेत. उपचार केलेल्या जागी गाठ पुन्हा वाढल्याचे प्रमाण ११ टक्के, म्हणजे सुमारे ८९ टक्के गाठी तोवर निवलेल्या राहिल्या. जिवंत रुग्ण ५८.९ टक्के. फुप्फुसातला आजार आटोक्यात असलेले रुग्ण, गरजेप्रमाणे पुन्हा केलेले अब्लेशन धरून, ४४.१ टक्के. आणि या चार वर्षांत शरीरात कुठेही आजार पुढे सरकला नाही असे रुग्ण फक्त १३.१ टक्के.

हे चारही आकडे एकाच गटाचे, एकाच काळाचे आहेत आणि त्यांत कोणतीही विसंगती नाही. सुई आपल्या जागी जवळजवळ नेहमीच यशस्वी होते. पण रक्तातून पसरलेल्या पेशी दुसरीकडे रुजायच्या थांबत नाहीत, म्हणून बहुतेक रुग्णांमध्ये पुढे केव्हातरी नवी गाठ दिसते. आणि तरीही निम्म्याहून अधिक लोक चार वर्षांनी हयात असतात, कारण नव्या गाठीवर पुन्हा अब्लेशन करता येते, औषधे बदलता येतात आणि काही कर्करोग मुळातच संथ चालतात. ‘८९ टक्के यश’ एवढेच ऐकून घरी गेलेल्या कुटुंबाला दीड वर्षाने नवी गाठ दिसली की उपचार फसला असे वाटते. ‘१३ टक्के’ एवढेच ऐकलेले कुटुंब उपचारच नाकारते. दोन्ही कुटुंबांना अर्धीच गोष्ट सांगितली गेलेली असते.

त्याच अभ्यासात जगण्याचा मध्यक ६२ महिने होता आणि पाच वर्षांचे जीवितप्रमाण ५१.५ टक्के. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण ज्या काळापेक्षा जास्त जगले तो काळ. आपल्या रुग्णाला मिळणाऱ्या महिन्यांची ती हमी नव्हे आणि मुदतही नव्हे. आणखी एक बारकावा ध्यानात घ्यावा. या रुग्णांवर ठेवलेल्या देखरेखीचा मध्यक ३५.५ महिने होता. म्हणजे पहिल्या-दुसऱ्या वर्षाचा आकडा शेकडो लोकांच्या प्रत्यक्ष अनुभवावर उभा असतो, तर पाचव्या वर्षाचा आकडा तिथवर पोचलेल्या मोजक्या लोकांवरून गणिताने काढलेला असतो. कोणत्याही अभ्यासाच्या आलेखात रेषेचे उजवे टोक असे विरळ असते, म्हणून त्यावर थोडा कमी भार द्यावा.

कोणाचे निकाल जास्त चांगले लागले, हेही या अभ्यासाने दाखवले. मूळ कर्करोग कोणता, मूळ उपचारानंतर फुप्फुसात गाठ दिसेपर्यंत किती काळ गेला, गाठींचा आकार आणि त्यांची संख्या, या चार गोष्टींचा आयुर्मानाशी संबंध आढळला. आपल्या रुग्णाच्या बाबतीत या चार प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, तर सरासरी आकड्याच्या वर झुकायचे की खाली, याचा अंदाज डॉक्टरांशी बोलताना पुष्कळच स्पष्ट होतो. शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांनी उगवलेली ९ मिलिमीटरची एकुलती गाठ आणि सहा महिन्यांत दिसलेल्या अडीच सेंटिमीटरच्या तीन गाठी, या दोन्हींना ‘फुप्फुसात पसरलेला कर्करोग’ असेच म्हणतात, पण त्यांची वाटचाल एक नसते.

इतर अभ्यासांकडे थोडक्यात पाहू. युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातील सात केंद्रांत १०६ रुग्णांवर झालेला ‘रॅप्चर’ हा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. ३.५ सेंटिमीटरपर्यंतच्या १८३ गाठी त्यात होत्या. ८८ टक्के रुग्णांत गाठ किमान एक वर्ष पूर्ण निवलेली राहिली, आणि आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांपैकी ६६ टक्के दोन वर्षांनी जिवंत होते. क्रायोअब्लेशनच्या ‘सॉल्स्टिस’ अभ्यासात १२८ रुग्णांच्या २२४ गाठींपैकी ८५.१ टक्के गाठी एका वर्षाने आणि ७७.२ टक्के गाठी दोन वर्षांनी जागेवर परतल्या नव्हत्या. परतलेल्या गाठीवर दुसऱ्यांदा क्रायो केल्यावर हेच प्रमाण अनुक्रमे ९१.१ आणि ८४.४ टक्क्यांवर गेले. त्याआधीच्या ‘इक्लिप्स’ या छोट्या अभ्यासात अवघे ४० रुग्ण होते, पण त्यांच्यावर पाच वर्षे देखरेख ठेवली गेली : गाठीच्या जागेवरचे नियंत्रण ७९.२ टक्के आणि जीवितप्रमाण ४६.७ टक्के. तिन्ही ठिकाणी रुग्णांची निवड, यंत्रे आणि मोजण्याची रीत वेगवेगळी असल्याने अमुक पद्धत तमुकपेक्षा सरस, असा निष्कर्ष हे आकडे शेजारी ठेवून काढू नये.

चौथी पायरी : शस्त्रक्रिया आणि रेडिएशनशी तुलना करताना हात आखडता घ्या

‘ऑपरेशन केले तर जास्त जगेल का?’ हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत फुप्फुसातल्या दुय्यम, म्हणजे दुसरीकडून पसरून आलेल्या, गाठी काढलेल्या ५,२०६ रुग्णांची माहिती होती; सगळ्या गाठी पूर्ण काढता आलेल्यांपैकी ३६ टक्के पाच वर्षांनी आणि २६ टक्के दहा वर्षांनी हयात होते. फ्रेंच अब्लेशन अभ्यासातील ५१.५ टक्के हा आकडा याहून मोठा दिसतो, पण मधल्या काळात केमोथेरपी बदलली, स्कॅन सुधारले आणि गाठी लहान असतानाच सापडू लागल्या. त्यामुळे अब्लेशन शस्त्रक्रियेपेक्षा चांगले ठरते असा अर्थ त्यातून निघत नाही.

चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडणाऱ्या चाचणीतूनच खरी तुलना होते, आणि तिथे निघालेले उत्तर सर्वांनाच अंतर्मुख करणारे आहे. ब्रिटनमधून चालवलेल्या ‘पल्मिक’ चाचणीत आतड्याचा कर्करोग फुप्फुसात पसरलेल्या रुग्णांपैकी काहींच्या गाठी काढल्या आणि काहींना केवळ देखरेखीखाली ठेवले. पुरेसे रुग्ण न मिळाल्याने चाचणी आटोपती घ्यावी लागली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ६५ रुग्णांच्या निकालात पाच वर्षांचे जीवितप्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ३८ टक्के आणि देखरेखीच्या गटात २९ टक्के होते. रुग्ण इतके कमी होते की हा फरक योगायोगाचाही असू शकतो. लक्ष वेधून घेतो तो दुसरा आकडा. गाठी काढल्या नाहीत तर पाच वर्षे जगणारे जवळपास कोणीच नसते असे आधी गृहीत धरले जाई. प्रत्यक्षात निवडक रुग्णांत ते प्रमाण जवळजवळ तीन दशांश निघाले. याचा अर्थ, अब्लेशननंतर पाच वर्षे जगलेल्या प्रत्येकाची सगळी पाच वर्षे सुईच्या खात्यावर मांडता येत नाहीत. त्यांतली काही आजाराच्या मंद गतीची असतात.

दुसऱ्या बाजूला ‘सेबर-कॉमेट’ या चाचणीचा निकाल आहे. निरनिराळ्या कर्करोगांच्या ९९ रुग्णांपैकी ज्यांच्या मोजक्या दुय्यम गाठींवर नेमका, तीव्र मात्रेचा स्टिरिओटॅक्टिक रेडिएशन दिला, त्यांचे पाच वर्षांचे जीवितप्रमाण ४२.३ टक्के आणि नेहमीचेच उपचार मिळालेल्या गटाचे १७.७ टक्के होते. मात्र रेडिएशनच्या गटातले तीन मृत्यू उपचाराशी संबंधित मानले गेले. मोजक्या गाठींवर थेट प्रहार केल्याने आयुष्य वाढू शकते या विचाराला त्यातून बळ मिळते. पण ही चाचणी रेडिएशनची होती, अब्लेशनची नाही, हे लक्षात ठेवावे.

मग निवड कशी करावी? फुप्फुसाची क्षमता चांगली, गाठ एकच आणि कडेला असेल तर सर्जनचे मत आवर्जून घ्यावे, कारण शस्त्रक्रियेत संपूर्ण गाठ आणि तिची कड सूक्ष्मदर्शकाखाली तपासता येते. वय, दम्यासारखा आजार, आधी झालेले छातीचे ऑपरेशन किंवा दोन्ही फुप्फुसांत विखुरलेल्या छोट्या गाठी यांमुळे कापाकापी जड जाणार असेल, तर अब्लेशनचे पारडे जड होते : फुप्फुसाचा फारच थोडा भाग खर्ची पडतो, आणि ‘रॅप्चर’मध्ये उपचारानंतर श्वसनक्षमतेच्या चाचण्यांत लक्षणीय घट आढळली नव्हती. श्वासागणिक फार हलणाऱ्या किंवा सुईला अडचणीच्या ठिकाणी असलेल्या गाठींबाबत रेडिएशन तज्ज्ञांना विचारावे.

पाचवी पायरी : उपचाराआधी लेखी प्रश्न घेऊन जा

‘तुमच्याकडे किती टक्के यश येते?’ या प्रश्नाला मिळणारे उत्तर सहसा निरुपयोगी असते. त्याऐवजी असे विचारावे : या केंद्रात वर्षाला फुप्फुसाची किती अब्लेशन्स होतात, आमच्या गाठीभोवती सगळ्या बाजूंनी ५ मिलिमीटरचा पट्टा मिळेल असे तुम्हाला वाटते का, शेजारी मोठी रक्तवाहिनी आहे का आणि असल्यास कोणती पद्धत वापरणार, दोन्ही फुप्फुसांत गाठी असतील तर एकाच दिवशी दोन्हीकडे सुई घालणार की दोन वेळा बोलावणार. शेवटच्या प्रश्नामागे कारण आहे. दोन्ही बाजूंनी एकदमच हवा साचली तर ते धोक्याचे ठरते, म्हणून पुष्कळ केंद्रे दोन बाजूंमध्ये अंतर ठेवतात.

रक्त पातळ करणारी औषधे, मधुमेहाच्या गोळ्या, हृदयातला पेसमेकर, पूर्वीचा क्षयरोग आणि फुप्फुसाला आलेला कोणताही तंतुमय कठीणपणा यांची माहिती न विचारताही सांगावी. औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टर लिहून देतात. विम्याची किंवा सरकारी योजनेची पूर्वमंजुरी प्रक्रियेच्या नावानिशी आधीच घ्यावी, कारण सुईची किंमत बिलात वेगळी लागते आणि वाद तिथेच होतात.

सहावी पायरी : पहिल्या पंधरवड्यात काय घडते ते माहीत असू द्या

प्रक्रिया गुंगी किंवा पूर्ण भूल देऊन, एक ते तीन तासांत होते. सर्वांत जास्त आढळणारा त्रास म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा साचणे, ज्याला न्यूमोथोरॅक्स म्हणतात. थोडी हवा आपोआप जिरते. जास्त असेल तर छातीत नळी टाकून ती काढावी लागते. ‘रॅप्चर’मध्ये १३७ प्रक्रियांपैकी २७ वेळा न्यूमोथोरॅक्सचा निचरा करावा लागला आणि ‘सॉल्स्टिस’मध्ये नळी लागण्याचे प्रमाण २६ टक्के होते. तेव्हा नळी टाकली म्हणजे काहीतरी बिघडले असे समजून घाबरू नये. चार-पाच जणांमागे एकाला ती लागतेच.

गंभीर गुंतागुंत दुर्मीळ असली तरी असते. जपानमध्ये ४२० रुग्णांवर झालेल्या १,००० रेडिओफ्रीक्वेन्सी सत्रांच्या आढाव्यात ९.८ टक्के वेळा मोठी गुंतागुंत झाली आणि चार मृत्यू झाले, म्हणजे ०.४ टक्के. त्यांपैकी तीन इंटरस्टिशियल न्यूमोनियाने, म्हणजे फुप्फुसाच्या आतल्या ऊतींना सूज येऊन त्या कठीण होण्याच्या आजाराने, झाले होते. फुप्फुसाच्या जुन्या कठीणपणाची माहिती लपवू नये असे वर म्हटले ते याचमुळे.

काही दिवस हलका ताप, छातीत दुखणे, खोकल्यातून थोडे गुलाबी बेडके येणे हे अपेक्षित आहे. मात्र दम अचानक वाढला, ताज्या रक्ताची गुळणी आली, किंवा आठवडा उलटल्यावर थंडी वाजून मोठा ताप आला, तर रात्र असली तरी रुग्णालय गाठावे. जळालेल्या भागात पोकळी होऊन तिथे पू होण्याचा प्रकार उशिरानेही घडतो. हवा साचण्याचेही तसेच आहे, ती कधी कधी घरी गेल्यानंतर साचते. त्यामुळे लातूर, जळगाव किंवा चंद्रपूरहून मुंबई-पुण्यात उपचाराला आलेल्यांनी सुटी मिळाल्याबरोबर रात्रीची गाडी न पकडता काही दिवस रुग्णालयाच्या जवळ मुक्काम ठेवावा. विमानप्रवास तर एक्स-रे पाहून डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्यावरच करावा.

सातवी पायरी : स्कॅनचे वेळापत्रक आणि अहवालाची भाषा

दीर्घकालीन निकाल टिकवण्यात सर्वांत मोठा वाटा या पायरीचा आहे आणि सर्वांत जास्त ढिलाई इथेच होते. ढोबळमानाने पहिला सीटी एका महिन्यात, मग पहिल्या वर्षात दर तीन महिन्यांनी आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी करतात. नेमके वेळापत्रक केंद्रानुसार बदलते.

पहिल्या अहवालात गाठ ‘वाढलेली’ दिसते आणि घरात रडारड होते. वास्तविक १२ मिलिमीटरच्या गाठीभोवती पट्ट्यासह जळालेला भाग २२ ते ३२ मिलिमीटरचा असायलाच हवा. तो तसा असणे हेच काम नीट झाल्याचे लक्षण आहे. या पहिल्या महिन्याच्या प्रतिमेला नवी आधाररेषा मानून पुढचे प्रत्येक स्कॅन तिच्याशी ताडून पाहायचे असते. तीन महिन्यांनंतर डाग आक्रसू लागतो, त्यात पोकळी दिसू शकते, पुढे तो पट्टीसारखा व्रण होऊन राहतो किंवा जवळजवळ नाहीसा होतो. सहा महिन्यांनंतर डाग वाढू लागला, त्याच्या एका कडेला नवा उंचवटा आला किंवा कॉन्ट्रास्ट (शिरेतून सोडलेले, स्कॅनमध्ये उठून दिसणारे द्रव्य) दिल्यावर तो भाग उजळू लागला, तर गाठ परतल्याचा संशय घेतात.

पेट स्कॅनची घाई करू नये. जळालेल्या भागाच्या कडेला भरून येण्याची प्रक्रिया चालू असते आणि पहिल्या तीन महिन्यांत तीच चमकून खोटी भीती दाखवते. आतड्याच्या कर्करोगात सीईए ही, कर्करोगाशी निगडित एक प्रथिन मोजणारी, रक्तचाचणी सोबतीने करतात. ती वाढली आणि फुप्फुस शांत असेल तर यकृत व पोट पुन्हा पाहावे लागते.

स्कॅन दरवेळी शक्यतो एकाच केंद्रात करावा. ते न जमल्यास, अब्लेशनची तारीख, जागा, पद्धत आणि महिन्यानंतरचे माप एका चिठ्ठीवर लिहून नव्या रेडिओलॉजिस्टला आधी द्यावे. ही माहिती हाती नसलेला डॉक्टर तीस मिलिमीटरचा डाग पाहून प्रामाणिकपणे ‘मोठी गाठ’ असेच लिहील.

आठवी पायरी : पुन्हा गाठ दिसली तर

आधी ठरवायचे ते हे की गाठ जुन्या जागी परतली आहे की नव्या जागी उगवली आहे. जुन्या जागी परतली असेल तर पट्टा कुठेतरी अपुरा पडला होता. आकार लहान असताना पकडली तर पुन्हा अब्लेशन करता येते, आणि ‘सॉल्स्टिस’च्या वर दिलेल्या आकड्यांवरून दुसऱ्या प्रयत्नाने किती फरक पडतो ते दिसतेच. सुई तिथे पुन्हा नेणे कठीण असेल तर शस्त्रक्रिया किंवा रेडिएशनचा विचार होतो. नव्या जागी एखाद-दुसरी गाठ उगवली असेल, तर तिला पहिल्या गाठीचेच निकष लावायचे. फ्रेंच अभ्यासात काही रुग्णांवर चार वेळांपर्यंत सुरक्षितपणे अब्लेशन झाले होते. एकदम पुष्कळ गाठी आल्या, किंवा यकृत-हाडांतही आजार दिसला, तर सुई बाजूला ठेवून औषधोपचाराकडे वळणेच योग्य. अशा वेळी ‘एवढी एक तरी जाळून टाका’ म्हणून आग्रह धरल्याने रुग्णाला फक्त नळीचा त्रास होतो.

दोन गाठींच्या मधल्या काळात केमोथेरपी घ्यायची की विश्रांती, हा प्रश्न ऑन्कोलॉजिस्टला स्वतंत्रपणे विचारावा. अब्लेशनमुळे काही रुग्णांना औषधांपासून काही महिन्यांची, कधी त्याहून लांबची सुटी मिळते. वर्षांच्या हिशेबात ती कुठेच दिसत नाही, पण हातापायांच्या बधिरपणाने बेजार झालेल्या माणसाला विचारले तर तो तिची किंमत नेमकी सांगेल.

पाच वर्षे सरल्यावरही तपासणी पूर्ण थांबवत नाहीत; मूत्रपिंडाच्या कर्करोगासारखे काही आजार खूप उशिराही डोके वर काढतात. म्हणून प्रत्येक स्कॅनचा केवळ छापील अहवाल न घेता मूळ प्रतिमांची सीडी किंवा पेनड्राइव्ह मागून घ्यावा, त्यावर तारीख घालावी, आणि त्याची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडेही ठेवावी.